साहेबांचा एक नंबर

राज्य नवीन, राजधानी नवीन, अन् रायपूरच्या एका सरकारी ऑफिसात मी नवीन कम्प्युटर ऑपरेटर. नोकरी तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटाची. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात आई "पोट्टी सरकारी लागली" म्हणून सांगत फिरे.

ऑफिसात केबल टाकून सगळ्या मशिनी जोडल्या, प्रत्येकीला नंबर दिला. माझा पाच, साहेबांचा तेवीस. तिथंच माशी शिंकली!

"ऑपरेटर का पाँच और मेरा तेईस?" भोपाळहून आलेले साहेब लाल झाले. "मुझे एक नंबर चाहिए."

एक नंबर होता इंटरनेटच्या डब्याचा. सगळ्यांची डाक तोच बाहेर नेई. मले हे पक्कं माहीत होतं, तरी तोंडातून निघालं, "हव, साहेब."

दुसऱ्या दिवशी डबा चालू व्हायच्या आधीच मी साहेबांच्या मशिनीले एक नंबर देऊन टाकला. मग डबा चालू झाला, तसा साहेबांच्या पडद्यावर "हा नंबर दुसऱ्याकडेही आहे" असा इशारा आला म्हणे. साहेबांनी न वाचता ओके दाबलं. फायलींवर सह्याही ते असेच करत.

नेमकी त्याच दिवशी कंत्राटी लोकांच्या मुदतवाढीची यादी पाच वाजायच्या आत वर मेल करायची होती. यादी गेली नाही तर महिनाअखेर मी घरी. अन् मेल काही जाईना!

नुसत्या नंबरानं मशिनीचं भागत नाही बरं का. प्रत्येकीच्या आत केबल लागते त्या कार्डाले कारखान्यातूनच एक लांबलचक पत्ता मिळालेला असतो, अन् डाक त्याच पत्त्यावर पडते. म्हणून मशीन आधी सगळ्यांमध्ये हाक मारते, "एक नंबर कोण?" जो "मी" म्हणेल त्याचा पत्ता लिहून ठेवते, अन् काही वेळ डोळे मिटून तोच धरते. खरा कोण, खोटा कोण, विचारतच नाही. काय भोळी जात!

माझ्या मशिनीनं हे पत्ते लिहून ठेवलेला तक्ता मी उघडला. एक नंबरासमोर साहेबांच्या मशिनीचा पत्ता! अख्ख्या ऑफिसची डाक त्यांच्याकडे जाऊन मरून राहिली होती. त्यात माझी नोकरीपण.

साडेचारले साहेबांच्या केबिनमध्ये गेली अन् सगळं ओकून टाकलं.

"मैंने कहा और तुमने कर दिया? मना क्यों नहीं किया?"

"सर, तीन महीने की नौकरी में मुँह से 'ना' नहीं निकलता."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तेईस ही दे दो."

दिला. तरी माझी मशीन जुनाच पत्ता धरून बसलेली, मेली! तक्ता पुसला, पुन्हा हाक गेली, या वेळी डबा बोलला. पाचले सात मिनिटं कमी असताना यादी गेली, अन् मी टेबलावर डोकं ठेवून रडली.

मुदतवाढ आली, तीनच महिन्यांची. आठवड्याभरानं साहेबांनी बोलावलं. सगळ्यांचा प्रिंटर त्यांना आपल्या केबिनमध्ये हवा होता, दाराले कडी लावून.

"हव" जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं.

"नहीं, सर," मी म्हटलं. आवाज फाटला, पण निघाला.