सेनेटरने मागे घेतलेली दुआ

माझ्या नवऱ्याला ‘सेनेटर’ हे नाव त्यांच्या ऑफिसातल्या एका फिलिपिनो मुलीनं दिलं. दुबईत अल मनखूलच्या टायपिंग सेंटरमध्ये हे तेहेतीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज टाइप करताहेत. व्हिसाचे, भाड्याचे, तक्रारींचे. स्टाफ मीटिंगमध्ये मालकानं ‘एनी क्वेश्चन’ म्हटलं की बाकीचे घड्याळाकडे बघतात आणि आमचे हे उभे राहतात. एकदा वार्षिक पार्टी बोटीवर ठरली, पण पाण्याचा कूलर चार महिने बंद. हा विषय यांनी असा लावून धरला की ती मुलगी म्हणाली, आमच्या देशात असं बोलणाऱ्याला लोक मतं देऊन सेनेटर करतात. हे घरी आले ते छाती फुगवूनच. मी म्हटलं, मतं घेत असाल तर माझं विरोधात लिहून घ्या.

घरातही तेच. नवा फ्रिज घ्यायचा तर आधी जुन्यावर चर्चा, मग खर्चावर चर्चा, मग दिरहमचे रुपये करून पुन्हा चर्चा. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मुद्दा क्रमांक एक’ अशी. मुद्दा क्रमांक दोन येईपर्यंत माझी भाजी करपलेली असते. आमची झारा हेडफोन काढून म्हणते, “अब्बा, धिस इज अ किचन, नॉट पार्लमेंट.” हे म्हणतात, तिचं म्हणणं नोंदवून घ्या.

पण कमरुद्दीन सेनेटरांचं खरं सभागृह म्हणजे आमची जमात. आमचं गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, आणि गावात आहेत त्याहून जास्त माणसं इकडे. म्हणून दुबईत गावाची जमात, म्हणजे गावकऱ्यांचं मंडळ आहे. दर महिन्याला प्रत्येक जण फंडात ठरलेले पैसे टाकतो, वर्षातून एकदा सभा होते आणि सभेनंतर बिर्याणी. फंडाचा पहिला नियम पस्तीस वर्षांपूर्वीचा: सभासद इथे मयत झाला तर त्याला गावी पोचवण्याचा सगळा खर्च जमात करील. नियम चांगला आहे. त्या नियमानं अकरा जण गावच्या कबरस्तानात पोचले.

दहा वर्षं हे दर सभेला उठून एकच विचारायचे, की मेलेल्याला विमानानं पाठवता, मग आजारी पडलेल्या जिवंत माणसाचं काय? एवढंच विचारून बसले असते तरी चाललं असतं. पण नाही. शाळेतल्या मुलींच्या बाथरूमपासून जेटीवरच्या दिव्यापर्यंत सगळा गाव हे सभेच्या हॉलमध्ये आणून बसवायचे. दोन वर्षांपूर्वी यांचं भाषण इतकं लांबलं की रायतं आंबलं. बायकांच्या बाजूनं सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, जसं काही भाषण मीच लिहून दिलं होतं.

तेव्हा अध्यक्ष अन्वर सेठनी डोकं चालवलं. आमच्याकडे रीत अशी की सभा संपताना वडीलधाऱ्यानं दुआ मागायची आणि दुआ संपल्याशिवाय बिर्याणीच्या डेगचं झाकण उघडायचं नाही. सेठनी यांना दुआ मागण्याचा मान दिला आणि सोबत एक अट हळूच घुसवली: दुआ मागणाऱ्यानं चर्चेत पडायचं नाही, त्याच्या मोठेपणाला ते शोभत नाही. हे खूश. मीही खूश. वाटलं, सुटलो एकदाचे.

यंदा सभेला महिना असताना हम्मादला झटका आला. हम्माद आमच्याच गावचा. इंटरनॅशनल सिटीतल्या लाँड्रीत सव्वीस वर्षं अरबांचे पांढरेशुभ्र, पायघोळ कंदुरे इस्त्री करायचा. उजवी बाजू गेली, अर्धं तोंड गेलं, नोकरी गेली. कंपनीनं दिलेले हिशोबाचे पैसे हॉस्पिटलात संपले. एका खोलीत सहा जण राहतात, तेच बिचारे ड्युटीवरून येऊन त्याला कुशीवर वळवायचे. त्याचं एकच म्हणणं होतं, मला घरी न्या. पण त्याला फार वेळ बसता येत नव्हतं. आडवं होता येईल अशी सीट, सोबत नर्स, मुंबईहून गावापर्यंत ॲम्ब्युलन्स, सगळं मिळून चौदा हजार दिरहम, म्हणजे सव्वातीन लाखांच्या वर. अन्वर सेठ म्हणाले, खिशातून काय जमेल ते बघू, पण फंडातून नाही. नियमात मयत लिहिलंय. आज एकाला दिलं तर उद्या दहा उभे राहतील. यावर हे म्हणाले, त्यानं सव्वीस वर्षं पैसे भरलेत, त्याला खैरात कशाला? बरोबरच होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा यांच्या बाजूनं मत दिलं, पण मनात. तोंडावर दिलं असतं तर डोक्यावर बसले असते.

सभेच्या शनिवारी यांनी हम्मादला व्हीलचेअरवरून हॉलमध्ये आणलं आणि मागच्या भिंतीशी बसवलं. पडद्यावर मात्र दुसरंच चित्र. गावाच्या वेशीवर कमान उभी करायची, चाळीस हजार दिरहम, म्हणजे नऊ लाखांच्या वर, आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत कमिटीची नावं. गावात शिरणारा रस्ता खड्ड्यांचा, पण कमान बघून माणसं खड्डे विसरतील असा काहीतरी विचार असावा. यांनी तीनदा हात वर केला. तिन्ही वेळा सेठनी अदबीनं सांगितलं, आपण दुआवाले, आपण बसा. हे बसले. मला तिथेच कळायला हवं होतं. इतक्या शहाण्यासारखे हे कधी बसत नाहीत.

कमान मंजूर झाली. बिर्याणीचा वास हॉलभर पसरला, आणि हे दुआला उभे राहिले. सगळ्यांनी हात पसरले.

अरबीतलं व्यवस्थित झालं. मग आपल्या भाषेत सुरुवात. गावात पाऊस वेळेवर पडू दे. आमीन. मुलं चांगल्या मार्कांनी पास होऊ देत. आमीन. सगळ्यांचे व्हिसे रिन्यू होऊ देत. हे आमीन जरा मोठं होतं. सेठची कमान उभी राहू दे. आमीन. भुकेल्या माणसांचं आमीन कसं एका लयीत निघतं, कुणी ऐकत वगैरे नसतं. त्याच सुरात, आवाज जराही न बदलता हे म्हणाले, “या अल्लाह, आमच्या फंडात हम्माद बसत नाही, कारण तो जिवंत आहे. त्याची तेवढी अडचण दूर कर.”

“आमीन,” अख्खा हॉल म्हणाला. मीही म्हटलं, खोटं कशाला बोलू.

मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. माझ्या शेजारची नबिला माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. यांच्या चेहऱ्यावर मात्र ते हसू, फाइल योग्य टेबलावर जाऊन पडली की येतं ते. आणि तेवढ्यात मागच्या भिंतीकडून आवाज आला. हम्मादची जीभ जड, म्हणून त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

“आमीन.”

आम्ही सवयीनं म्हटलं होतं. त्यानं ऐकून म्हटलं होतं. डावा हात पसरलेला, उजवा मांडीवर पडलेला, डोळे मिटलेले. यांचं हसू कुठल्या कुठे गेलं. एवढं काही यांनी ठरवलं नव्हतं, हे मला दुरूनही दिसत होतं.

दुआ संपली नव्हती, त्यामुळे कुणाला हात खाली घेता येईनात. दीडशे माणसं हात पसरून एकमेकांकडे बघताहेत. शेवटी अन्वर सेठ खालच्या आवाजात म्हणाले, “कमरुद्दीनभाई, ती मागे घ्या. त्याला पाठवू आपण.”

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. पण सेनेटर तो सेनेटर. फंडातून पाठवणार, आणि नियम बदलून, असं कागदावर येऊ दे म्हणाले. सेक्रेटरी बिचारा, एक हात दुआला पसरलेला आणि दुसऱ्या हातानं लिहितोय: सभासद मयत असो वा जिवंत. कमानीचं पुढच्या वर्षी बघू, असंही सेठनी स्वतःहून लिहायला सांगितलं. सेक्रेटरीनं ते पूर्ण वाचून दाखवल्यावर यांनी परत मान वर केली.

“या अल्लाह, मघाची दुआ सभेनं एकमतानं मागे घेतली आहे. ती इतिवृत्तात धरू नये.”

या वेळचं आमीन असं झालं की किचनमधले वेटर बाहेर येऊन बघायला लागले.

बिर्याणीला यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मला म्हणाले, “शहनाझ, इथं मागे घेतलेली दुआ तिकडेही मागे घेतात ना?” तीस वर्षांच्या संसारात मी यांचं एकही उत्तर उधार ठेवलेलं नाही. त्या दिवशी मात्र उत्तराऐवजी मी राग काढला. म्हटलं, खेळायचं होतं तर कमानीशी खेळायचं, माणसाच्या जिवाशी कशाला? यांनी ऐकून घेतलं. मुद्दा क्रमांक एकसुद्धा काढला नाही.

कागदपत्रांना बारा दिवस लागले. बाराही दिवस हे सकाळी सातला हम्मादला फोन करायचे. जेवलास का, औषध घेतलंस का, असलं काहीबाही विचारायचे, पण मला माहीत होतं, हे फक्त त्याचा श्वास ऐकताहेत. त्यानं उचलायला दोन रिंग जास्त घेतल्या की हे हातातला कप खाली ठेवून उभे राहायचे. आडव्या होणाऱ्या सीटचा अर्ज यांनी स्वतः टाइप केला, चार वेळा तपासला. विमानतळावर नर्सला इतक्या सूचना दिल्या की ती म्हणाली, अंकल, यल्ला, चला आता, मला आत जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. हम्माद स्वतःच्या घराच्या पडवीत, खाटेवर. मागे त्याची बायको उभी, सारखी पदरानं डोळे पुसत होती. तो बराच वेळ तोंड जुळवत राहिला. यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

“सेनेटर,” तो म्हणाला, “जुन्या नियमात... अजून बसत नाही मी.”

हे हसले. मोठ्यानं हसले, आणि हसता हसता चष्मा काढून रडायला लागले. लग्नापासून आजपर्यंत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. झारा खोलीतून बाहेर आली, बघितलं आणि यांच्या शेजारी येऊन बसली. मी चहा ठेवला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या घरात कुठल्याही विषयावर चर्चा झाली नाही.