दिवसा टेकलेली पाठ

स्वयंपाक उरकला की आई सतरंजीवर उताणी झोपते, गुडघे दुमडते आणि कंबर सावकाश वर उचलते. मणक्याला आधार देणारे स्नायू बळकट करण्याचा हा साधा उपाय आहे. मणक्यात नस दबल्याने तिच्या डाव्या पायाला मुंग्या येतात. त्या वाढल्या किंवा पाय बधिर झाला तर शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

काल तिची कंबर अधांतरी असतानाच दार वाजले. मणक्याला झटका बसू नये म्हणून आधी कुशीवर वळायचे, मग हाताच्या आधाराने उठायचे, हे मी तिच्याकडून घोटून घेतले होते. ती मात्र ताडकन उठली आणि सतरंजी पायानेच पलंगाखाली सारली.

"झोपला होतात की काय, वहिनी?" शेजारच्या काकूंनी हसत विचारले.

"छे हो! आत्ताच ओटा पुसला."

काकू गेल्यावर मी चिडले. "व्यायाम करत होते, एवढं सांगता येत नाही तुला?"

"सांगून काय? दिसलं काय असतं? भरदिवसा बाई लोळतेय."

स्नायूचे बळ मोजता येते, वाढवताही येते. परंतु दिवसा पाठ टेकण्याची ही लाज शरीरात नेमकी कुठे मुरते, ते मला फिजिओथेरपी शिकताना कोणत्याही प्रयोगशाळेत शिकवले गेले नाही. आजीही तापात भिंतीला टेकून बसायची. आडवी व्हायची ती दिवे मालवल्यावरच.

आई पलंगाचा कठडा धरून उभी होती.

"मुंग्या येताहेत का गं?"

"नाही," डाव्या पावलाकडे पाहत ती म्हणाली, "आता तिथे काहीच जाणवत नाहीये."