बघू हात

"बघू हात."

मावशी असं म्हणायच्या आणि चष्मा नाकावर ओढून समोरच्याच्या तळव्यांकडे वाकून बघायच्या. परळच्या आमच्या इस्पितळात कमी वजनाच्या बाळांचा वॉर्ड आहे, तिथल्या त्या आयाबाई. तळवे ओले चमकले तर दारातून बाजूला व्हायच्या. नाहीतर एकच शब्द, "कोरडाय."

एकदा मोठे डॉक्टर म्हणाले, "मावशी, आत्ताच धुतलेत."

"मग इतक्यात सुकले काय, साहेब?"

ते हसले आणि मागे फिरले.

हात कसे धुवावेत याचे सुबक तक्ते भिंतीवर होते. ते कोणी वाचत नसे; मीही नाही. सॅनिटायझरची बाटली दाराआड. मावशींनी ती बँडेजच्या पट्टीनं दारालाच बांधली, बरोबर हाताशी येईल अशी. "दार तर सगळ्यांनाच ढकलायचंय ना?" ऑफिसनं ती पट्टी तीनदा सोडवली. चौथ्यांदा सोडवायला आलेल्यालाच त्या म्हणाल्या, "बघू हात."

मी घरातली पहिली पदवीधर. गावाकडून नर्सिंग शिकून आले, तेव्हा मला सगळं येतं असं वाटायचं. एका दुपारी आतलं मशीन वाजू लागलं. एका बाळाचा श्वास अडखळला होता. मी धावले. मावशी दारात आडव्या उभ्या.

"मावशी, बाळ जाईल!"

"आत डॉक्टर आहेत. तू हात चोळ, बाय."

बाळ वाचलं. मी त्यांच्यावर चिडले होते. संध्याकाळी माझ्यापुढे चहा ठेवत त्या म्हणाल्या, "माझा पहिला अकरा दिवसांचा होता. ताप चढला नि गेला. कोणाच्या हातानं, ते नाय कळलं." तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

या उन्हाळ्यात मावशी गेल्या. घरीच, भाजी निवडता निवडता.

स्मशानातून आम्ही घोडपदेवला त्यांच्या चाळीत परतलो. रीतीप्रमाणे खोलीबाहेर बादली भरून ठेवली होती, सून तांब्यानं पाणी घालत होती. हातपाय धुवायचे, आत जाऊन दिव्याला नमस्कार करायचा, निघायचं. मला रडू आलं नव्हतं. काहीच होत नव्हतं. मी हात धुवू लागले. बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं.

"ओ सिस्टर, झालं की," मागून कोणी म्हणालं.

मी दोन्ही तळवे दाराकडे केले आणि थांबले.

सुनेला वाटलं, मला टॉवेल हवाय. तिनं पुढे केला. मी घेतला नाही. ओल्या हातांनीच आत गेले.