सहभागी क्रमांक अकरा

काकूला जाऊन पंधरा दिवस झाले होते, तेव्हा मानसी आमच्या दारात आली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. काकूला हे कधीच खपलं नसतं. पण काकू आता नव्हती, आणि तिला काय झालंय हे मानसीला आमच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

मी आणि मानसी रत्नागिरीत एम.ए.च्या एकाच वर्गात. विषय, आरोग्याचे सामाजिक पैलू. म्हणजे माणूस आजारी पडूनही डॉक्टरकडे जात नसेल तर त्याला कोण अडवतं, हे शोधायचं. काकू शेजारणींना सांगायची, माजी पुतनी डॉक्टर व्हनार. मी समजावलं की म्हणायची, "आरोग्य म्हंजे डॉक्टरच ना गो?" माझे आईबाप मुंबईत, काका बोटीवर, मी लहानपणापासून लांज्याला तिच्याकडेच वाढले. काजूच्या कारखान्यात काजू फोडून तिच्या बोटांची सालं निघायची, आणि अंगात ताप असला तरी ती 'काय नाय, ऊन लागलाय' म्हणत कामावर हजर. सरांनी आम्हा दोघींना प्रकल्प दिला तो नेमका हाच : काजू कारखान्यातल्या बायका दुखणी अंगावर का काढतात. मी हुशारी दाखवत म्हटलं, उत्तर माझ्या घरात बसलंय.

पण नात्यातल्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही, असा नियम. म्हणून काकूसमोर मानसी बसली. घरचं माणूस ऐकत असलं तर बाई मोकळी बोलत नाही, म्हणून मला माझ्याच घरातून पडवीत काढलं. तुम्ही सांगाल ते बाहेर जाणार नाही, घरच्यांनाही कळणार नाही, असं मानसीने वाचून दाखवलं आणि काकूने सही केली. दिवाळी नुकती झाली होती. तासाभराने दोघी बाहेर आल्या तेव्हा मानसी माझ्याकडे बघेना. मला वाटलं, दमली असेल.

शिमग्याच्या सुमारास काकूचा डावा हात वर जाईना. जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. छातीत गाठ होती, दोन वर्षांची. डॉक्टरांनी आवाज न चढवता विचारलं, इतके दिवस काय करत होतात? त्यावर काकू मला म्हणाली, "तुज्या मैतरनीला सांगितलेला मी." जसं काही तेवढ्याने काम झालं होतं… पुढचे सहा महिने मी मानसीशी बोलले नाही. काकूशी बोलत होते, पण तिचाही राग येत होता. परक्या मुलीला सांगतेस आणि मला नाही?

त्या दिवशी दारात मानसी रडायला लागली. मला तेही सोंग वाटलं.

"मी शब्द दिला होता गं. सरांनाही विचारलं. ते म्हणाले, नियम मोडता येणार नाही, त्यांनाच डॉक्टरकडे जायला सांग. मी तीनदा सांगितलं त्यांना."

"आणि लिहून घेतलंस."

"हो."

"मग झालं तर. जा आता."

शब्दाला जागणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून भीती वाटते. काकूने गाठ पदराखाली लपवली, हिने फायलीत, आणि दोघींच्या मध्ये मी प्रश्नावली हातात घेऊन गावभर दुसऱ्यांच्या काकवांना विचारत फिरले, तुम्ही दुखणं का लपवता म्हणून. या विषयात मला पदवी मिळणार आहे.

मानसी गेली, पण पडवीत मुलाखतीचे कागद ठेवून गेली. नियम आता मोडला तिने. मी ते चुलीत घालायला उचलले आणि वाचत बसले. पहिल्या पानावर नाव नाही, नुसतं 'सहभागी क्रमांक अकरा'. पण बोलणं सगळं काकूचं, जसंच्या तसं. शेवटच्या पानावर प्रश्न आहे, घरात कुणाला सांगितलंत का?

"नाय. पुतनी हाय, पन तिला नको सांगूस हां. तिला कलला तर ती सगला टाकून माज्या मागं लागंल. तिची परीक्षा होऊ दे, मग मीच सांगन… नायतर असा करू, आताच बोलवू तिला? तू हायस तर…"

त्याखाली मानसीने कंसात लिहिलं आहे : बाहेरून पुतणी ओरडते, अजून किती वेळ. सहभागी हसतात, नको म्हणतात. मुलाखत संपली.

तेव्हा पडवीत बसून मला भूक लागली होती.