धारूरच्या शाळेतलं कोऱ्या घरांचं कॅलेंडर

सरनाईकने शेख बाईंना फसवलं, आणि त्यांचं काम स्वतःचं म्हणून माझ्या गळ्यात मारून मलाही फसवलं. आज मी हे ठामपणे लिहितो आहे. पण सोलापूरहून निघालो त्या सकाळी माझी समजूत उलटी होती. फसवणारी ही बाईच आहे, याबद्दल मला शंका नव्हती.

माझं सोलापुरात शालेय साहित्याचं दुकान आहे आणि मागे छोटा छापखाना. सुरुवात केली ती फुटपाथवर जुनी पाठ्यपुस्तकं विकून. त्यामुळे माणूस समोर आला की हा आपल्याला कुठे गंडवणार, हेच आधी मनात येतं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर सरनाईक नावाचे गृहस्थ शालेय उपक्रमांच्या पुस्तकाचं हस्तलिखित घेऊन आले. भाषा, गणित, भूगोल, विज्ञान असे सगळे धडे मुलांनी हाताने काही करून शिकायचे. सगळं आपल्या अनुभवातलं आहे, असं त्यांनी सांगितलं. मी नेहमीप्रमाणे भांडून सौदा केला आणि पुस्तक छापलं. शिक्षकांनी ते उचलून धरलं. मग धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेतून तीन ओळींचं पत्र आलं: "हे उपक्रम माझ्या वहीतले आहेत. वही परत मिळावी. शेख रुबीना, सहशिक्षिका."

पुस्तक चाललं की असे दावेदार उगवतातच. वकिलाकडे जाण्याआधी स्वतः जाऊन हिचा खोटेपणा पकडावा, म्हणून पुस्तकाची एक प्रत पिशवीत टाकली आणि पहाटेच्या एसटीने कळंब गाठलं. तिथे गाडी बदलली. मांजरा नदी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. दसऱ्याला पंधरा-सोळा दिवस होते. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालू होती आणि अर्धा डांबरी रस्ता लोकांनी सोयाबीन वाळवायला अडवला होता. ड्रायव्हर शिव्या देत, पण एकाही ढिगाला चाक न लावता गाडी काढत होता.

केजच्या स्टँडबाहेर सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. पांढऱ्या दाढीच्या एका चाचांसमोर मी बसलो आणि वरची फळं बाजूला करून खालची तपासू लागलो. वर पिकलेली रचून खाली कच्ची भरायची, ही युक्ती मी स्वतः आंबे विकताना केलेली आहे.

"काका, कावून (कशाला) उकरायलाव? खाली सोनं न्हाई पुरलेलं."

"खालची कच्ची निघाली तर?"

"निघू द्या की. उद्या पिकतील. डोळा उघडलेलं आज खा, मिटलेलं उद्या. तुमी बी धंदेवाले ना?"

"कशावरून?"

"पाटी बघायच्या आधी मला बघितलंत. लई जणांनी फसवलेलं दिसतंय तुमाला."

भाव पाडून चार फळं घेतली. मी उठल्यावर त्यांनी हसत पाचवं पिशवीत टाकलं. ते सडकं असणार म्हणून जीपमध्ये बसल्यावर आधी तेच फोडलं. सगळ्यांत गोड तेच निघालं. तरीही माझा राग काही गेला नाही.

धारूरची जीप भरेपर्यंत हलत नाही. माझ्या शेजारी नवीन कोयता मांडीवर घेऊन एक बाई बसल्या होत्या. दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघायची त्यांची तयारी चालली होती. वस्तीचं नाव काढून मी सहज विचारल्यासारखं केलं, "तिथल्या शेख बाई कशा आहेत?"

"खमक्या हायत. आमची लेकरं टोळीसंगं निघाली की ह्याला ह्यो कागूद, त्याला त्यो कागूद बांधून देत्यात. तिकडं उसाच्या फडात बसून करायचा अब्यास. औंदा मातर कागूद न्हाईत."

"का?"

"त्यांची वही कुनी तरी नेली म्हनं."

बाईंनी गावालाही पढवून ठेवलेलं दिसतंय, असं मनात आलं.

केज सोडल्यावर जमीन हळूहळू उंचावते आणि बालाघाटचे उघडे डोंगर पुढे येतात. धारूरचा किल्ला लांबून दिसला. तटाच्या दगडांत गवत माजलं होतं. माझ्या पुस्तकात 'किल्ल्याची सावली' नावाचा उपक्रम आहे. सकाळपासून दर तासाला तटाच्या सावलीवर दगड ठेवायचे, पावलांनी अंतर मोजायचं आणि संध्याकाळी त्याचा आलेख काढायचा. सोलापुरात ते वाचताना मला आमचाच किल्ला डोळ्यांपुढे आला होता. इथे तटाखाली चुन्याने रंगवलेल्या धोंड्यांची एक ओळ दिसली. मी जीप थांबवायला सांगितली नाही. पण मान वळवून पाहत राहिलो.

वस्तीवर पोचलो. शाळा दोन खोल्यांची. पन्नाशीच्या आसपासच्या, चष्मा लावलेल्या शेख बाई ओसरीवर मुलांना खिचडी वाढत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला नाही.

"वही आणली का?"

"कसली वही? मी पुस्तक छापतो. तुम्हाला काय पाहिजे ते स्पष्ट सांगा."

"वही."

"ते झालं. आणखी?"

"आणखी काही नाही. केजला प्रशिक्षण होतं, तिथे सरनाईक सर आलते. झेरॉक्स काढून आठ दिवसांत परत पाठवतो म्हणाले. बारा वर्षांची वही आहे. कोणत्या पोराला काय दिलं, त्याने काय केलं, सगळं तिच्यात चिकटवलेलं. आता दसरा झाला की पोरं जाणार. मी त्यांच्या हातात काय देऊ?"

ज्याला एकच गोष्ट हवी असते त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. मी चिडलो. आवाज चढवून म्हणालो, "पुरावा द्या. पोरांना मी एकेकट्याला विचारणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"विचारा. पण आधी खिचडी खा. उपाशी माणूस लई ओरडतो."

पोरं हसली. मी खिचडी खाल्ली.

पहिल्या मुलाने मोळीचं गणित सांगितलं. चाळीस पावलांवर गाडी उभी, बाप किती मोळ्या वाहतो, दिवसभरात किती चालतो. दुसऱ्याने शब्दांची पेटी सांगितली. कर्नाटकात, कोल्हापूरकडे, जिथे टोळी जाईल तिथले नवे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून आणायचे आणि शाळेत त्यांचा कोश करायचा. दोन्ही माझ्या पुस्तकात जसेच्या तसे होते. पण पुस्तक वाचूनही पाठ करता येतं. मग मी चौथीतल्या कोमलसमोर पान एकेचाळीस उघडलं.

या पानावर 'माझं कॅलेंडर' आहे. एका ओळीत सात घरं, बहुतेक घरांत छोटा ट्रक काढलेला, मधूनच एखादं घर कोरं. वारांची नावं कुठेच नाहीत. छापताना मी सरनाईकला विचारलं होतं की रविवार कुठे आहे आणि ही कोरी घरं कशाला? तो म्हणाला होता, "मुलांना रंगवायला जागा सोडली आहे."

कोमलने पान पाहिलं आणि चटकन म्हणाली, "हे माझं हाय."

"मग ही घरं कोरी का?"

"कोरी कुठं हायत? त्या दिवशी गाडी आली न्हाई. गाडी न्हाई तर तोड न्हाई. तोच आईतवार." मग ती पानावर वाकली आणि बोट फिरवू लागली. "माझे ठिपके कुठं गेले?"

"कसले ठिपके?"

तिने दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. खताच्या जाहिरातीच्या मागच्या बाजूला काढलेला तो कच्चा नमुना होता. तीच घरं, तेच ट्रक, तीच कोरी घरं. काही कोऱ्या घरांत लाल शाईचा एकेक ठिपका. "ज्या दिवशी मला वाचायला येळ घावला, तिथं ठिपका."

मी मोजले. अख्ख्या हंगामात अकरा होते. छापखान्यात हे ठिपके शाईचे डाग समजून मीच पुसायला लावले होते. पान स्वच्छ दिसलं पाहिजे, म्हणून ओरडलोही होतो.

बाहेर येऊन सरनाईकला फोन लावला.

"अहो, शिक्षकांचे उपक्रम सगळ्यांचेच असतात," तो शांतपणे म्हणाला.

"मग वही सगळ्यांची का नाही? कुठे आहे ती?"

"शोधावी लागेल."

"रंगवायची जागा काय बे? रंगवायची जागा?" मी इतक्या जोरात ओरडलो की ओसरीवरची पोरं उठून बघू लागली. त्याने फोन ठेवला. नंतर तो लागलाच नाही.

निघताना शेख बाईंनी माझ्या पुस्तकातली काही पानं फाडून मागितली. वही येईपर्यंत पोरांना द्यायला काही तरी हवं, म्हणाल्या. मी सगळं पुस्तकच दिलं. त्यांनी आधी एकेचाळिसावं पान उघडलं आणि लाल पेन कोमलच्या हातात ठेवलं.

परतीची गाडी पकडली. उरलेली सीताफळं तशीच राहिली. मी आयुष्यभर लोकांची पाटी खालपर्यंत उकरून पाहिली. हे हस्तलिखित मात्र स्वस्तात मिळत होतं, म्हणून वरूनच घेतलं. तेव्हा ठिपक्यांचा जाब मी देईन. पुढच्या आवृत्तीत ते लाल छापले जातील, आणि ज्यांचे उपक्रम आहेत त्यांची नावं मुखपृष्ठावर येतील. वहीचा जाब मात्र माझ्याकडे नाही. हे पुस्तक ज्या शिक्षकांनी विकत घेतलं, त्यांच्यापैकी कोणाला सरनाईक भेटला, तर त्याला उभं करून विचारा. आणि सरनाईक, तू स्वतः हे वाचत असशील तर दसऱ्याच्या आधी धारूरची जीप पकड, त्या ओसरीवर जा, आणि चौथीतल्या पोरीसमोर उभं राहून सांग: वही कुठे आहे?