फक्त ड्रायक्लीन

असे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. पण जर्मनीत, वाल्डॉर्फच्या आमच्या ऑफिसात मी, मंदार आणि सिद्धार्थ असे तिघं मराठी रोज एका टेबलावर जेवतो. एकाचा कपडा आटला की दुसऱ्याला आपला विटलेला आठवतो.

*

मंदारचा लोकरी ओव्हरकोट. मशीनवर वूलचा प्रोग्रॅम होता, पण तो अर्ध्या तासाचा. एवढ्यात काय मळ निघणार, म्हणून त्याने कोट चादरींबरोबर साठ डिग्रीला लावला. बाहेर काढला. सहा वर्षांच्या मुलीने तो घालून पाहिला, बटणं लावली आणि म्हणाली, "पास्ट." म्हणजे, बसतो.

*

माझ्या नवऱ्याने, निखिलने, एक महागाचा स्वेटर आणला. लेबलवर पाण्याच्या टबवर फुली, इस्त्रीवर फुली, ड्रायक्लीनच्या गोलावरही फुली. तो परत दुकानात गेला आणि मग याचं करायचं काय, असं विचारलं. बाई शांतपणे म्हणाली, "ल्युफ्टन." हवेवर टाका. तेव्हापासून आमच्याकडे धुणं कमी आणि ल्युफ्टन जास्त.

*

माझी लग्नातली पैठणी मी राइनिगुंगमध्ये, म्हणजे ड्रायक्लीनच्या दुकानात नेली. काउंटरवरच्या बाईने ती उलगडली. उलगडतच राहिली. मी सांगितलं, हा ड्रेस आहे. तिने बाह्या कुठे आहेत, असं विचारलं. शेवटी पावतीवर लिहिलं, 'गार्डीने, एक नग'. पडदा. मी सही केली. पैठणी अगदी सुरेख होऊन आली. सोबत चिठ्ठी होती: पडद्याचे हुक आमच्याकडे आलेच नव्हते.

*

आमच्या खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलर सगळं घरीच धुतात. त्यांचं म्हणणं, "लेबल वकील लिहितो, धुणारा नाही." त्यांनी मला एक परीक्षा शिकवली. ओला पांढरा रुमाल कपड्याच्या आतल्या शिवणीवर घासायचा. रंग लागला तर घरी धुवायच्या भानगडीत पडायचं नाही. माझ्या गुलाबी रेशमी ओढणीवर घासला, रुमाल गुलाबी झाला. मी मुकाट्याने ओढणी दुकानात दिली.

त्या रुमालाचा रंग अजून गेलेला नाही. ओढणीचा गेला.

*

सिद्धार्थचे बाबा नांदेडला हेडमास्तर होते. त्यांचा एक निळा कोट होता, तो दर चौदा एप्रिलला निघायचा. सिद्धार्थ जर्मनीला निघाला तेव्हा त्यांनी तो त्याला दिला. इथल्या जयंतीला तो तोच घालतो.

यंदा जयंतीच्या आठवडाभर आधी त्यावर वरण सांडलं. राइनिगुंगवाला म्हणाला, अस्तर जुनं आहे, फाटलं तर जबाबदारी तुमची, इथे सही करा. सिद्धार्थला सही करवेना. तो कोट घेऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतला तर कोट बाथटबमध्ये होता. त्याची आई नांदेडहून आली होती. काकू टबच्या काठावर बसून थंड पाण्यात थोडा शाम्पू कालवत होत्या. काकूंनी कोट पिळला नाही. टॉवेलात गुंडाळून दाबला आणि जेवणाच्या टेबलावर सपाट पसरला. दोन दिवस सगळे ताट मांडीवर घेऊन जेवले.

कोट जसा होता तसा वाळला. सिद्धार्थने विचारलं, एवढी हिंमत कशी झाली?

"पंधरा वर्षं मीच धुवायचे," काकू म्हणाल्या. "लॉन्ड्रीत एकदा बटणं फुटली, तेव्हापासून. तुझ्या बाबांना बोलले नाही. त्यांचा लॉन्ड्रीवर फार विश्वास."

जयंतीच्या सकाळी आम्ही सगळे सिद्धार्थकडेच होतो. बाबांचा व्हिडिओ कॉल आला. सिद्धार्थ कोट घालून समोर उभा राहिला. कोट धुवायला कुठे दिला होता, असं बाबांनी विचारलं. सिद्धार्थने आईकडे पाहिलं आणि बाहेर दिला होता म्हणून सांगितलं.

"छान धुतलाय," बाबा म्हणाले. "त्या लॉन्ड्रीवाल्याला माझा नमस्कार सांगा."

"सांगते," काकू म्हणाल्या.