पोळी-भाजीच्या बातमीमागे: ठाणे ते आंबिवली, स्कूटरवरून

केदारनाथ, दुबई, झालंच तर अंदमान, असल्या सहलींची वर्णनं तुम्ही वाचली असतील. मी नौपाड्यातून आंबिवलीला जाऊन आले. हसू नका. सत्तरी उलटल्यावर डोक्यावर हेल्मेट घालून मी पहिल्यांदाच स्कूटरवर बसले, आणि या सहलीत जी मजा आली ती मला अष्टविनायकालाही आली नव्हती. (गणपतीबाप्पा, रागावू नकोस रे.) माझी शाळा चौथीपर्यंतची. मी फोनमध्ये बोलते, तो लिहितो, आणि माझी नात मुक्ता चुका काढते. तरी राहिल्या असतील तर त्या तिच्या.

ही मुक्ता पत्रकार आहे. एका छोट्या बातम्यांच्या चॅनेलला आहे, फोनवर दिसतं ते. तिचे बाबा, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो, "ही कसली नोकरी, दिवसभर फोन घेऊन फिरते!" मी म्हटलं, एकदा बघावं तरी पोरगी फिरते म्हणजे करते काय.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. आधी डोंबिवलीतल्या एका पोळी-भाजी केंद्राची पाटी, मग स्ट्रेचरवरच्या बायका. खाली लिहिलेलं, "इथली पोळी-भाजी खाऊन आंबिवलीत बायका सलाईनवर. सर्वांना पाठवा." मी मुक्ताला दाखवला. ती आधीच पर्स घेऊन चप्पल शोधत होती. म्हणाली, "तिकडेच चाललेय. सगळ्यांनी लावलीसुद्धा बातमी, जाऊन कुणी बघितलं नाही."

"मला ने."

"आजी, स्कूटर आहे."

"मग काय, मी उडून पडणारेय?"

सुनेने डोक्याला हात लावला. मी अंबाडा सोडून वेणी घातली, म्हणजे हेल्मेट बसतं. नातवंडांबरोबर स्कूटरवरून जाणाऱ्या आज्यांनो, ही टीप लिहून ठेवा. शिवाय नऊवारी नको, पंजाबी ड्रेस बरा. आणि तोंडाला रुमाल हवाच, कारण मुंब्रा बायपासला जे मोठाले ट्रेलर लागतात ते तुमच्या चेहऱ्यावर पावडर लावूनच पुढे जातात.

शीळफाट्याला अडकलो. तिथे अडकायचंच असतं, ते धरूनच निघा आणि पाण्याची बाटली घ्या. मुक्ताने गाडी बंद केली. पुढे ट्रेलर, मागे टेम्पो, बाजूला एक माणूस कलिंगडाच्या फोडी विकत होता. आम्ही दोन प्लेट घेतल्या. मी विचारलं, "अगं, तुमच्या धंद्यात सगळीकडे असंच असतं का? खरं काय ते शोधत एवढं लांब जायचं?"

"मी सुखात आहे, आजी. जगात कुठे कुठे बातमी आणताना पत्रकार लढाईत मरतात. कुठे खरं लिहिलं म्हणून तुरुंगात टाकतात. आणि आता तर मशीन माणसाचं तोंड, आवाज, सगळं हुबेहूब बनवतं. तू न बोललेलं तुझ्याच तोंडून ऐकवेल."

"म्हणजे उद्या मीच सांगताना दिसेन की मला कारलं आवडतं?"

"दिसशील. आणि बाबा दुसऱ्या दिवशी दोन किलो आणतील."

हसता हसता फोड घशात अडकली माझ्या. पण तेव्हापासून तिच्या पाठीला जरा घट्ट धरून बसले.

डोंबिवलीत मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत ते केंद्र. एरवी दुपारी अशा ठिकाणी डबे घेऊन रांग असते. इथे शटर अर्धं खाली. आत चार बायका पोळपाट पुढ्यात घेऊन नुसत्या बसलेल्या, आणि मालकीण नलूताई फोनवर फोन घेत होत्या. "बरं... नको का... ठीक आहे." फोन ठेवला की पुन्हा वाजायचा. सगळे नको म्हणणारे.

मुक्ताने ओळख सांगितली. नलूताई उसळल्या, "आता आलात होय! तुमच्यातल्या एकाने तरी आधी विचारलं का मला? अहो, काल महाशिवरात्र! काल मी पोळीला हात लावलेला नाही. साबुदाण्याची खिचडी केली, ती इथल्या इथे संपली. आंबिवलीच्या बिल्डिंगची ऑर्डर आजची होती, पारण्याची. माझं जेवण तिकडे पोचलंच नाही, तर खाल्लं कुणी?"

मी मुक्ताला कोपराने ढोसलं. "झालं की! लिही, यांचा दोष नाही."

मुक्ता म्हणाली, "त्या सांगतात हे मी लिहीन. खरं आहे हे अजून मला कळलेलं नाही."

"अगं, चेहरा बघ बाईचा!"

"चेहऱ्यावरून बातमी होत नाही, आजी."

मला तेव्हा रागच आला तिचा. पोळ्या लाटणाऱ्या एकीच्या डोळ्यात पाणी होतं. नलूताईंनी जाताना एवढंच म्हटलं, "दोन दिवस असं राहिलं तर या चौघींना मी घरी पाठवणार. मग तुमची खरी बातमी आली काय आणि न आली काय."

कल्याणला मिसळ खाल्ली (झणझणीत, पाव मागाल तितके), आणि शहाडवरून मोहन्याच्या रस्त्याने आंबिवलीला पोचलो. रस्ता ठीक, खड्डे चवीपुरते. वाटेत नदी दिसते, बरं वाटतं. मिसळ खातानाच मुक्ताच्या साहेबांचा फोन आला होता. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होतं.

"सगळ्यांनी लावली, आपणच उरलोय. 'पोळी-भाजी केंद्रामुळे विषबाधा?' असं टाक. पुढे प्रश्नचिन्ह लाव, म्हणजे आपण सेफ."

"सर, प्रश्नचिन्ह लावलं तरी त्या बाईचं दुकान बंद पडणारच."

"संध्याकाळपर्यंत बातमी नसेल तर उद्यापासून दुसरीकडे बघ."

मुक्ताने फोन ठेवला आणि उरलेला पाव खाल्ला. पोरगी माझ्यावर गेलीय, संकटात भूक जास्त लागते.

दवाखाना लहानसा. एका खोलीत सहा बायका, दोन पडदे. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांची तब्येत बरी आहे, कशामुळे झालं ते तपासणीचा रिपोर्ट आल्याशिवाय सांगणार नाही. पडद्याच्या अलीकडच्या बायकांना विचारलं तर प्रत्येकीचं एकच उत्तर, "बाहेरचं काहीतरी खाल्लं." काय खाल्लं? "आठवत नाही." आता मला सांगा, उपासाच्या दिवशी काय खाल्लं हे कुठल्या बाईला आठवत नाही? मला तर पाच वर्षांपूर्वीच्या एकादशीचं ताट आठवतं.

मुक्ताने मला डोळ्याने खूण केली की गप्प बस. पण एक तरुण सून होती, तिचं माहेर निघालं संगमेश्वरकडचं, माझंही तिकडचंच. मग कशी गप्प बसणार? फणसाच्या सांदणावरून आम्ही सुरू झालो ते तिच्या आत्येसासूपर्यंत पोचलो. शेवटी ती मुक्ताचा हात धरून हळूच म्हणाली, "ताई, माझं नाव नका घालू. भगरीची भाकरी होती. तळमजल्यावरच्या वत्सलाकाकूंनी सगळ्या बिल्डिंगसाठी केली. दर उपासाला त्याच करतात, एवढ्या प्रेमाने. त्यांच्या हातचं बाधलं असं डॉक्टरांपुढे कोण म्हणणार? म्हणून बाहेरचं म्हणालो. पारण्याची ऑर्डर बिल्डिंगच्या ग्रुपवर होतीच, कुणीतरी तिच्याशी जोडलं."

"म्हणजे त्या केंद्राचं कुणीच खाल्लं नाही?"

"नाही हो. पण काकूंच्या कानावर जाऊ देऊ नका."

तेवढ्यात पलीकडच्या पडद्याआडून आवाज आला, "अगं, पोट बिघडलंय माझं. कान शाबूत आहेत."

ती पोरगी पांढरीफटक! काकू शेवटच्या खाटेवर होत्या, हाताला सलाईन. मला वाटलं, आता रडारड. मुक्ता त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली आणि तिने शांतपणे डोंबिवलीचं सगळं सांगितलं. काकूंचा फोन घरी राहिला होता, त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं.

"पोळ्या करणारीवर आळ घेतला? माझ्यामुळे?"

"काकू, तुमच्या पिठामुळेच झालं असं मी म्हणत नाहीये. ते तपासणीत कळेल. तुम्ही काय केलंत एवढंच सांगा. नाव नको असेल तर नाही घालत. पण नाव नसलं तर लोक म्हणतील, बनवून सांगतेय."

काकूंनी सलाईनचा हात सांभाळत उशी सरळ केली. मग म्हणाल्या, "नव्या पिठात डब्यातलं जुनं मिसळलं मी. टाकवत नाही ना गं. घाल माझं नाव. आणि आधी कुंकू दे कुणीतरी, अशी बोडक्या कपाळाने दिसणार नाही मी व्हिडिओत."

सगळ्या हसल्या. मी माझ्या पर्समधली टिकली लावली त्यांना. त्या बोलल्या, आणि मग ती सूनही स्वतःहून बोलली, नावासकट. मागोमाग आणखी दोघी. डब्यातलं उरलेलं पीठ काकूंच्या मुलाने दवाखान्यात आणून दिलं.

मुक्ताने साहेबांना फोन लावला. साहेब एकदम गोड. "वा! मग मथळा देऊ, 'काकूंनीच घातलं विष!'"

"मग व्हिडिओ मिळणार नाही, सर."

साहेब म्हणाले, "तूच दे काय मथळा द्यायचा तो." तिने दिला, साधासा: 'आंबिवलीतील महिलांनी डोंबिवलीच्या केंद्राचे जेवण खाल्ले नव्हते, तपासणी बाकी.' मी म्हटलं, यात मसाला नाही. ती म्हणाली, "खरं तेवढंच आहे."

परत येताना डोंबिवलीला थांबलो. नलूताईंनी तो व्हिडिओ उभ्या उभ्या तीनदा पाहिला आणि शटर पूर्ण वर केलं. गिऱ्हाईक एकच आलं होतं, शेजारचे एक आजोबा, तेही "मी तर त्यावर विश्वासच ठेवला नव्हता" म्हणत. आम्हाला तिथल्या गरम पोळ्या आणि बटाट्याचा रस्सा मिळाला. डोंबिवलीला गेलात तर अशा गल्ल्यांत नक्की जेवा, पोट भरतं आणि खिशाला कळतही नाही. मग माणकोलीच्या नव्या पुलावरून भुर्रकन ठाण्यात. शीळफाटा टाळायचा असेल तर हाच रस्ता धरा, खाडीवर वाराही छान लागतो.

घरी येऊन मी खरी बातमी भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. दोघींनी हात जोडले. तिसरीने दुसऱ्या दिवशी तोच खोटा व्हिडिओ पुन्हा पाठवला, वर "सावध रहा". मी तिला फोन करून अर्धा तास समजावलं. मुक्ता म्हणाली, "बघ, एका बाईला समजवायला अर्धा तास लागतो." माझ्या मुलाने ते ऐकलं. त्या दिवशी तिचा चहा त्याने स्वतः केला.

पुढच्या आठवड्यात नलूताईंचा मुक्ताला फोन. आंबिवलीच्या त्याच बिल्डिंगमधून पारण्याची राहिलेली ऑर्डर आली होती, सगळ्या बिल्डिंगची, गोडासकट, आणि फोन केला होता वत्सलाकाकूंनी. चौघी लाटायला बसल्या होत्या. मागे लाटण्यांचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "हे घाल की बातमीत!"

मुक्ता हसली. "आजी, ही बातमी नाही होत."

म्हणून मी इथे लिहिली.